एक्स२३० वर तयार कोअरबूट इमेज टाकायची आहे, कोणती घेऊ? (नागपुरात क्लिप-प्रोग्रामर कोणाकडे आहे का)

तर्रीपोहा

नमस्कार मंडळी. बर्डीतून दोन वर्षांपूर्वी जुना थिंकपॅड एक्स२३० घेतला होता, आय५ वाला, रॅम मी नंतर १६ जीबी केली, डेबियन टाकलं आणि मशीन एकदम मस्त चालून राहिली. कीबोर्डसाठी तर मी दुसरं काही घेणारच नाही. पण वायफाय कार्ड जुनं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, आणि मनीषनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर, संध्याकाळी सातनंतर काहीच उघडत नाही. म्हणून इंटेल ७२६० मागवलं, हाफ मिनीवालं, बसवलं, मशीन चालू केली तर काळ्या स्क्रीनवर १८०२, अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड, बंद करून काढा म्हणे. मग वाचलं की या मॉडेलच्या मूळ बायॉसमध्ये कार्डांची ठरलेली यादीच असते, यादीबाहेरचं कार्ड लावलं की गाडी तिथंच थांबते.

शोधता शोधता कोअरबूटपर्यंत आलो, म्हणजे मूळ बायॉसच्या जागी टाकायचं मुक्त फर्मवेअर. आता घोळ असा आहे की मी अकाउंट्सचा माणूस, टूलचेन बनवा, मेनूकॉन्फिग करा, हे माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून तयार इमेज पाहिजे. तर लिब्रेबूट आहे, स्कल्स आहे, हेड्स आहे, एकेकाच्या आत पुन्हा सीबायॉस, ग्रब, आणखी काय काय, फाइलींची नावंच हातभर लांब. यातली सगळ्यात चांगली कोणती ते सांगा आणि नागपुरात कोणाकडे क्लिप (चिपला लावून तिच्यावर लिहायची) असेल तर तेही सांगा, चहा-पोहे माझ्याकडून.

खालची_चिप

"सगळ्यात चांगली" असं काही नसते भाऊ. आधी हे सांग: मॉडेल नक्की साधा एक्स२३० ना, टॅब्लेटवाला एक्स२३०टी नाही ना, बायॉसचं व्हर्जन काय दाखवते (चालू करताना एफ१ दाब, पहिल्याच पानावर ईसी नावाच्या वेगळ्या चिपचं पण दिसते), बॅटरी ओरिजिनल आहे का बाजारातली, आणि मुख्य म्हणजे विंडोज लागते का. शेवटच्या उत्तरावर अर्धा निकाल आहे.

आणि एक, कोअरबूटवाले स्वतः तयार इमेज देत नाहीत, ते फक्त सोर्स देतात. तयार जे काही मिळते ते सगळं त्यावरच्या दुसऱ्या प्रकल्पांचं. लिनक्स कर्नल आणि डेबियन, तसं समज.

तर्रीपोहा

साधा एक्स२३०. बायॉस २.६ पासून काहीतरी सुरू होते, फोटो काढून ठेवला आहे. बॅटरी ओरिजिनल, चाळीस मिनिटं टिकते. विंडोज... महिन्यातून एकदा. बायकोचं टॅलीचं काम असते आणि जीएसटी भरायच्या दिवशी तिला हीच मशीन पाहिजे, तिच्यासाठी वेगळं पार्टिशन आहे. ते गेलं तर मी पण गेलो.

पुण्याहून_पार्सल

स्वतः बिल्ड करा. खरंच सांगतो, तेवढं अवघड नाही. दुसऱ्याने केलेली बायनरी डोळे झाकून चिपवर टाकायची आणि वर म्हणायचं आम्ही मुक्त फर्मवेअर वापरतो, याला काय अर्थ आहे?

हिंगणा_शिफ्ट

आले पुण्याहून. भाऊ त्याले पोहे करायचे आहेत, तुम्ही म्हणता आधी धान पेरा.

खालची_चिप

😄 पार्सलभाऊंचा मुद्दा चूक नाही, पण पहिल्या खेपेला तयार इमेजच बरी. ती हजारो लोकांच्या त्याच बोर्डावर चालून बघितलेली असते. स्वतः बनवलेली चालली नाही तर चूक बिल्डमध्ये आहे का वायरीत आहे हे नवीन माणसाला कळतच नाही, आणि तो तीन रात्री वायरीच बदलत बसतो. एकदा मशीन उठली, आतली चिप अनलॉक झाली, की मग पुढचं सगळं न उघडता आतूनच लिहिता येते, तेव्हा खुशाल बिल्ड करत बसा.

तर्रीपोहा, आता तुझं. पहिला प्रश्न वाईट वाटून घेऊ नको: तुला कोअरबूट लागतेच का? नुसतं वायफाय कार्डच चालवायचं असेल तर याच पिढीच्या थिंकपॅडांसाठी आयव्हीरेन नावाची गोष्ट आहे, पेनड्राइव्हवरून चालते, एक स्क्रू काढायचा नाही. ती मूळ बायॉसचीच सुधारलेली प्रत टाकते, यादी काढून टाकलेली. बायॉस नवीन असेल तर आधी जुन्यावर आणावा लागतो, बस. विंडोज जसंच्या तसं राहते, बायको खूश. पण तो बंद सोर्स तो बंद सोर्सच.

कोअरबूटच पाहिजे असेल तर पुढचं वाच, थोडं लांबणार आहे.

एक्स२३० मध्ये फ्लॅश चिपा दोन आहेत. हातटेकू काढला (पामरेस्ट) की दिसतात, आठ पायांच्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. स्क्रीनकडची ४ एमबी, आपल्याकडची ८ एमबी, दोन्ही मिळून बोर्डाला एकच १२ एमबी दिसते. खालच्या ८ मध्ये सुरुवातीला डिस्क्रिप्टर (कुठे काय आहे त्याचा नकाशा), मग नेटवर्कचा छोटा तुकडा ज्यात तुझा मॅक ॲड्रेस असतो, मग इंटेल एमई (इंटेलचं स्वतःचं बंद फर्मवेअर), आणि वरच्या ४ मध्ये बायॉसचा मुख्य भाग. म्हणून इमेज निवडायची म्हणजे आधी आकार बघायचा. काही प्रकल्प १२ एमबीची अख्खी फाइल देतात, ती आपण तोडायची, पहिले ८ एमबी एका फाइलीत, उरलेले ४ दुसऱ्या, आणि ज्याची त्या चिपवर. काही फक्त ४ एमबीची "टॉप" फाइल देतात आणि खालच्या चिपसाठी वेगळी स्क्रिप्ट. उलटसुलट झालं की काळी स्क्रीन.

स्कल्स ही दुसऱ्या जातीची. खालच्या चिपवर एकदा स्क्रिप्ट चालवायची, ती तुझीच इमेज वाचून डिस्क्रिप्टरचं कुलूप काढते आणि पाहिजे असेल तर एमई छाटते. वर ४ एमबीची तयार इमेज. पेलोड (म्हणजे कोअरबूटनंतर चालून सिस्टिम सुरू करणारा भाग) सीबायॉस. त्यांच्याकडे दोन प्रकार असतात, एक नावात "फ्री" असलेला आणि एक इंटेलच्या मूळ व्हीजीए बायॉससकट. विंडोजसाठी दुसरा, कारण विंडोजला सुरुवातीला जुन्या पद्धतीचं व्हीजीए लागते आणि फ्रीवाल्यात ते पुरेसं मिळत नाही, लोगोवरच अडकते. माझ्या समजुतीनं नवीन माणसासाठी सगळ्यात सोपा रस्ता हाच आहे, फक्त शेवटची रिलीज किती जुनी आहे ते बघून घे.

लिब्रेबूट ही पहिल्या जातीची, अख्खे १२ एमबी. सांभाळ एकदम चांगली, कागदपत्रं त्याहून चांगली. सीबायॉस आणि ग्रब दोन्ही येतात. ग्रबची गंमत अशी की तो चिपमध्येच बसतो, म्हणजे डिस्क बूट पार्टिशनसकट एन्क्रिप्ट केली तरी चालते (पासवर्डची जुळवणी ग्रबला समजणारी पाहिजे, एवढं बघ). पण विंडोज तिकडे दुय्यमसुद्धा नाही, तिय्यम आहे.

हेड्स सोड. चांगली गोष्ट आहे, टीपीएम (सुरक्षेची चिप) वापरून प्रत्येक वेळी दाखवते की मागे कोणी छेडछाड केली का, पत्रकार-वकील लोकांना उपयोगाची. तुला टॅली चालवायची आहे.

आणि टेलिग्राम ग्रुपवर "माझ्या मशीनवर चालली" म्हणून कोणी फाइल देईल, ती अजिबात घेऊ नको. त्यात त्याचा मॅक ॲड्रेस असतो, त्याचा एमई असतो, आणखी काय असते ते त्यालाच माहीत.

तर्रीपोहा

बाप रे. म्हणजे प्रश्न इमेजचा नाही, विंडोजचा आहे.

झिंगाबाई_टाकळी

हो, अगदी. मी पण असंच शिकले. माझं एक्स२३० नाही, एसर सी७२० क्रोमबुक आहे, भाच्याचं, गूगलचे अपडेट त्याला केव्हाचेच बंद झाले म्हणून कपाटात पडलं होतं. त्याच्यावर मिस्टरक्रोमबॉक्सचं फुल रॉम टाकलं, ते पण कोअरबूटच, पेलोड ईडीके२ म्हणजे यूईएफआय, नेहमीच्या लॅपटॉपसारखा मेनू येतो. क्रोमबुकवाल्यांना क्लिपची भानगड नाही, आत एक राइट-प्रोटेक्टचा स्क्रू असतो तो काढायचा (नवीन मॉडेलमध्ये स्क्रू नसतो, बॅटरीची वायर काढून करावं लागते) आणि मग स्क्रिप्टच सगळं करते. ती विचारते, मूळ फर्मवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा का. हो म्हणा. मी घाईत नाही म्हटलं होतं. काही बिघडलं नाही, पण आता परत क्रोमओएस करायचं म्हटलं तर मला कोणाच्या तरी दारात जावं लागेल.

त्या स्क्रूचा शोध घ्यायला मात्र मला दीड तास लागला, आमच्याकडे दुपारी कूलर चालू असला की टेबलावरचे सगळे स्क्रू हलतात म्हणून वाटीत ठेवले होते आणि आईनं त्या वाटीत चटणी वाढली.

केबलकाका_सदर

ताई, हा किस्सा छापून ठेवा.

मुलांनो, मी थोडं मागचं सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या. कोअरबूटचं मूळ नाव लिनक्सबायॉस. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी सुरू केलं, कारण त्यांच्याकडे शेकडो संगणकांचे क्लस्टर, आणि एकेकाला मॉनिटर-कीबोर्ड लावून "एफ१ दाबा" म्हणणाऱ्या बायॉसची मनधरणी कोण करणार? २००८ मध्ये नाव बदलून कोअरबूट झालं. म्हणजे हे स्वातंत्र्याच्या चळवळीतून नाही आलं, कंटाळ्यातून आलं. मला ही गोष्ट फार आवडते.

माझ्याकडे एक्स२०० आहे, २००८ चा. त्याच्यावर लिब्रेबूट. त्या पिढीत एमई पूर्णच काढून टाकता येतो, एक बाइटही न ठेवता. पुढच्या पिढ्यांत तसं नाही, एमई अजिबात नसेल तर मशीन तीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. म्हणून तिथे एमई-क्लीनर वापरतात, पाच एमबीच्या आसपासचा ऐवज शंभर केबीच्या आत आणतात, सुरू होण्यापुरता जीव ठेवतात. माझी एक्स२०० हळू आहे हे खरं, पण मी पण हळूच आहे.

हिंगणा_शिफ्ट

काका 🙏

आता माझं ऐका, कारण इथं सगळे चांगलं झालेलंच सांगून राहिले. माझा एक्स२२०, त्याले एकच चिप, ८ एमबी. ऑनलाइन एक काळा प्रोग्रामर भेटते ना स्वस्तातला, सीएच३४१ए वाला, थो घेतला. नाव कोणाचं घेत नाही, सगळे सारखेच. कोणी सांगितलं नव्हतं का तो चिपला पॉवर ३.३ व्होल्टची देते पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडते. चिप ३.३ ची. लय जणांचं त्याच्यावरच निभते, माझं पण निभलं म्हणा, पण रिस्क काऊन घ्यायची.

खरी चूक माझी दुसरीच. चिप वाचली, फाइल सेव्ह केली. परत वाचली, चेकसम (फाइलीचा ठसा म्हणा) वेगळा. परत वाचली, तिसराच. म्हटलं असू दे एखादा बिट इकडं तिकडं. एखादा बिट! आणि लिहून टाकलं. मशीन मेली. बॅकअप टाकायला गेलो तर बॅकअपच कचरा. क्लिप चिपवर नीट बसलीच नव्हती, एक पाय हवेत. त्यात मे महिना, ४५ डिग्री, हाताले घाम, आणि मधीच लाइट गेली. मी डेस्कटॉपवरून करून राहिलो होतो, अर्ध्यात सगळं बंद. बायको म्हणे झोपा आता.

आठ दिवसांनी लिब्रेबूटची इमेज घेतली, मॅक ॲड्रेस बॅटरीच्या खालच्या स्टिकरवरून वाचून त्यात भरला, मित्राच्या लॅपटॉपवरून लिहिली, उठली. म्हणून सांगतो: लॅपटॉपवरूनच करा, त्याची बॅटरी भरून. आणि तीन वाचनं सारखी येत नाहीत तोवर लिहायचं नाव घेऊ नका बे.

खालची_चिप

सोन्यासारखं लिहिलंस. प्रोग्रामरसाठी मी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरतो, त्यावर सेरप्रॉगचं फर्मवेअर टाकायचं, पेनड्राइव्हवर फाइल ओढल्यासारखं टाकता येते. सगळं ३.३ वर. मला चारशेत पडला होता. वायरी वीतभर लांब घेऊ नको, दहा सेंटिमीटर पुष्कळ झाल्या, लांब वायरीवर वाचन गडबडते. आणि ज्या मशीनवर काम चाललं आहे तिची बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढलेलं पाहिजे.

मॅकवरून आठवलं, लिब्रेबूटच्या जुन्या इमेजींमध्ये डिफॉल्ट मॅक शून्य-शून्य, डीई, एडी, सी-शून्य, एफएफ, ईई असा होता. सलग वाचा, "डेड कॉफी" होते. एकाच नेटवर्कवर अशा दोन मशीन लावल्या की दोघांचं भांडण. लिहायच्या आधी आपला खरा घालायचा, त्यासाठी त्यांचंच टूल आहे.

रामदासपेठ_बॅकबेंचर

मध्येच घुसतो, सॉरी. ऑफिसनं काढलेला आठव्या पिढीचा लॅपटॉप भेटला आहे मला, त्याच्यावर होईल का काही? आणि घरी एमएसआयचा झेड६९० बोर्ड आहे.

खालची_चिप

लॅपटॉपवर बहुतेक नाही. चौथ्या पिढीपासून इंटेल बूटगार्ड आलं, कंपनीनं कारखान्यात चावी जाळून टाकली असेल तर तिच्या सहीशिवाय दुसरं काही सुरूच होत नाही, चिपवर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. अपवाद म्हणजे थिंकपॅड टी४८०. एमईमधल्या एका जुन्या भोकातून बूटगार्डला बगल देणारं डीगार्ड नावाचं काम झालं आणि डिसेंबर २०२४ च्या रिलीजमध्ये लिब्रेबूटनं टी४८० घेतला. म्हणून आजकाल टी४८० ला एवढा भाव.

एमएसआयच्या बोर्डासाठी दाशारो बघ, पोलंडच्या थ्रीएमडेबचं. झेड६९०-ए आहे त्यांच्या यादीत, पण बोर्डाचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घे, डीडीआर४ आणि डीडीआर५ वेगळे. वेगळा धागा काढ ना भाऊ.

पुण्याहून_पार्सल

एक राहिलं. लिब्रेबूट घेणार असाल तर उतरवलेली फाइल तशीच टाकू नका. ज्या बोर्डांना एमई वगैरे लागतं त्यांच्या रिलीजमधून हे तुकडे काढलेले असतात, कारण ते वाटायचा हक्क त्यांच्याकडे नाही. इंजेक्टची कमांड चालवायची, ती कंपनीच्या साइटवरचा अपडेट उतरवून त्यातून तुकडे काढून तुमच्या फाइलीत बसवते. हल्ली तर फाइलीच्या नावातच "डू नॉट फ्लॅश" लिहिलेलं असतं, इंजेक्ट केल्यावर जातं. तरीही लोक ते नाव हाताने बदलून टाकतात आणि मग इथे येऊन रडतात. उतरवल्यावर सहीसुद्धा तपासा, जीपीजीने. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बायनरीच घ्यायची तर एवढं तरी करा.

तर्रीपोहा

पार्सलभाऊ धन्यवाद, हे मला कुठंच भेटलं नव्हतं. 

अजून एक विचारतो, बॅटरी बदलायची आहे, कोअरबूट टाकल्यावर बर्डीतली कोणतीही बॅटरी चालेल ना? एकानं सांगितलं यादी जाते म्हणून.

खालची_चिप

नाही. वायफायची यादी बायॉसमध्ये, ती जाते. बॅटरीची तपासणी ईसीमध्ये, ती राहते. ईसी म्हणजे कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणारी वेगळी चिप, कोअरबूट तिला हात लावत नाही. म्हणूनच मी ईसीचं व्हर्जन विचारलं होतं. ईसीला जे काही करायचं ते आधी करून घे, एकदा कोअरबूट गेलं की मूळ अपडेटर चालत नाही, ईसीसाठी पुन्हा मूळ बायॉस टाकत बसावं लागते. तुला जुन्या पद्धतीचा सात ओळींचा कीबोर्ड बसवायचा असेल तर त्याचाही पॅच ईसीतच असतो, आणि त्याला नवीन नाही, जुनं व्हर्जन लागते. ठरव आणि मग अपडेट कर.

केबलकाका_सदर

तर्रीपोहा, क्लिप माझ्याकडे आहे, चांगली आहे. पिको पण आहे. रविवारी सकाळी या. विंडोजचं मात्र घरी विचारून या.

तर्रीपोहा

काका 🙏🙏 येतो. घरी विचारलं. ती म्हणे, "मला टॅली उघडली पाहिजे, ती कुठं उघडते त्याच्याशी मला काय करायचं?" मग डोक्यात आलं, १६ जीबी रॅम आहे, विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्येच टाकतो ना, त्यासाठी डेबियनमध्ये केव्हीएम आहेच. दोन दिवस तिच्याकडून तसंच काम करून घेतलं, काही फरक पडला नाही, प्रिंट पण निघाली. म्हणजे आता पेलोडचं बंधनच नाही. लिब्रेबूट, सीबायॉसवाली, ठरलं.

हिंगणा_शिफ्ट

हे बेस्ट केलं. तीन वाचनं!!

तर्रीपोहा

अपडेट. झालं एकदाचं, पण क्रमानं सांगतो.

काकांकडे नऊला पोचलो, काकूंनी आधी पोहे दिले, म्हणजे चहा-पोहे माझ्याकडून म्हटलं होतं ते राहूनच गेलं. काकांनी टेबलावर पांढरी चादर टाकलेली, स्क्रू पडला तर दिसावा म्हणून, आणि कूलर बंद. कीबोर्ड, मग पामरेस्ट, मग तो काळा पातळ कागद उचलला की चिपा. भिंगातून नाव वाचलं, वरचीवर एमएक्स२५एल३२०६ई. मी क्लिप लावली आणि फ्लॅशप्रॉग (चिप वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) म्हणे चिपच नाही. परत लावली, नाही. काकांनी माझ्या हातातून घेतली, क्लिपच्या लाल वायरीची बाजू चिपवरच्या ठिपक्याशी जुळवली आणि वरून सरळ, अजिबात न हलवता, दाबली. खट्ट असा बारीक आवाज आला. मग सापडली, पण एकाच ओळखीच्या तीन चिपांची नावं दाखवली आणि म्हणे यातली कोणती ते तूच सांग. ते नाव वेगळं द्यावं लागते.

वाचन तीनदा, वरचीचं तिन्ही सारखं. खालचीचं दुसरं वेगळं आलं. हिंगणाभाऊ, तुमचा चेहरा आठवला, पाहिला नसून. क्लिप काढून इरेजरनं चिपचे पाय पुसले, परत लावली, मग सलग चार सारखे. बॅकअप दोन पेनड्राइव्हवर, एक काकांकडेच ठेवला.

इंजेक्ट मी घरूनच करून आणलं होतं, मॅकसकट. काकांनी तरी फाइलीचा आकार पाहायला लावला, बरोबर १२ एमबी, तोडल्यावर ८ आणि ४. लिहिलं, व्हेरिफाय झालं, दोन्ही चिपा. पामरेस्ट न लावता नुसता कीबोर्ड ठेवून बटण दाबलं.

काहीच नाही. पंखा फिरला, स्क्रीन काळी. मी मनात पाच सेकंद मोजले, दहा, वीस. काका शांत, म्हणे पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ घेते, हात लावू नको. मी हात पाठीमागे बांधून उभा. मग सीबायॉसची ती दोन ओळींची अक्षरं आली आणि डेबियन सुरू. काकूंनी आतून विचारलं, "झालं का तुमचं ऑपरेशन?"

७२६० लगेच ओळखलं. घरी येऊन ५ गिगाहर्ट्झवर जोडलं, रात्री आठ वाजता पण सगळं उघडते. झाकण बंद करून झोपवलं तर उठते, ब्राइटनेसची बटणं चालतात. पंखा आधीपेक्षा थोडा जास्त वेळा फिरून राहिला असं मला वाटते, पण नागपूरचा एप्रिल आहे, पंखा तर मी पण जास्त वेळा लावून राहिलो. टॅली कालच वापरली, तिला अजूनही माहीत नाही काय बदललं.

रामदासपेठ_बॅकबेंचर

मी टी४८० शोधून राहिलो आता. काका, पुढच्या महिन्यातला रविवार माझा.

केबलकाका_सदर

या. चादर धुऊन ठेवतो. तर्रीपोहा, तुमचे दोन स्क्रू इथेच राहिले आहेत, बारीकवाले. मशीन हलवली की आतून काही वाजते का बघा.